समोरच्याचा हात

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा हवी असेल, तर अंबरनाथच्या माणसाला आधी उलट्या दिशेने बदलापूर गाठावं लागतं. उल्हासनगरचे, विठ्ठलवाडीचेही कितीतरी जण असेच उलटे येतात आणि तीच गाडी परत निघाली की बसल्या जागी मुंबईला जातात. मी एकतीस वर्षं हेच केलं. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. दीड तासाच्या आसपासचा तो वेळ आमच्या डब्यात एका ब्रीफकेसवर जायचा. चौघांच्या गुडघ्यांवर ती आडवी ठेवायची, वर कालचं वर्तमानपत्र आणि त्यावर पत्ते. अंबरनाथ येईपर्यंत पिसून व्हायचे, कल्याणला पहिला डाव रंगात यायचा, घाटकोपरनंतर नवा डाव कुणी मांडायचं नाही.

बहुतेक दिवस रमी. भिडू जमले तर मेंढीकोट. दिवाळीच्या आठवड्यात तीन पत्ती, आणि तीही आधी चहाच्या पैजेवर. उभ्या प्रवाशांना आमच्या या बैठकीचा त्रास व्हायचा, हे मी इथे कबूल करतो. एवढ्या गर्दीत चौघांनी मिळून एक टेबल थाटणं हे दुसऱ्याच्या जागेवरचं आक्रमण होतं, आणि आज मी तसा बसणार नाही. पण हे पुस्तक ज्या निरीक्षणातून उभं राहिलं, ते निरीक्षण त्या टेबलावर झालं, म्हणून प्रस्तावना तिथूनच सुरू करावी लागते.

रोज एकाच माणसासमोर सहा महिने पत्ते खेळलात की त्याची पानं न बघता दिसायला लागतात. रमीत उघड्या गड्डीतलं पान उचलणं म्हणजे आपल्या हातातल्या आणखी दोन पानांचा पत्ता सांगणं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण आमच्यातले एक बँकेतले गृहस्थ उघड्या गड्डीला सहसा हातच लावायचे नाहीत, कारण आपला हात कळेल ही धास्ती. महिन्याभरात आम्हाला कळलं की ते जेव्हा उघडं पान उचलतात तेव्हा त्यांचा डाव लागायला एकच पान उरलेलं असतं. जी सावधगिरी त्यांनी लपण्यासाठी पत्करली होती, तिनेच त्यांना उघडं पाडलं. खेळण्याची शैली म्हणजे मला जे म्हणायचं आहे ते हेच. शैली ही सवय असते, आणि सवय बोलते. माणूस चेहरा सांभाळू शकतो, पण महिनोन्महिने घेतलेल्या निर्णयांचा हिशेब त्याला सांभाळता येत नाही, कारण तो हिशेब त्याने कधी मांडलेलाच नसतो. समोरच्याने मांडला तर समोरचा जिंकतो.

आमच्यात उल्हासनगर कॅम्प दोनमधले एक कापडाचे व्यापारी होते. आठवड्यातून दोनदा मूळजी जेठा मार्केटला माल बघायला यायचे, त्या दिवशी आमच्यात बसायचे. त्यांचे आईवडील फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले. त्याच छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झालं, आणि तिथली माणसं पत्ता सांगताना अजून कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच सांगतात. त्यांना आम्ही साईं म्हणायचो. साईं रमीत तेरा पानं उचलायचे, एकदा नजर फिरवायचे, आणि पटली नाहीत तर पहिल्याच फेरीला पानं खाली ठेवायचे. पहिल्या फेरीला सोडलं तर २० पॉइंट, मध्येच सोडलं तर ४०, आणि अडकून बसलो तर ८० पर्यंत. आम्ही पगारदार माणसं मात्र पानं हातात धरून बसायचो. एक जोकर येईल, एक अठ्ठी येईल. महिन्याच्या शेवटी हिशेब केला की साईंच्या नावावर सगळ्यात कमी पॉइंट. ज्याने दुकानात पडून राहिलेला माल पडत्या भावाने काढून टाकायचा निर्णय शंभरदा घेतला आहे, त्याला पानं टाकताना हात जड होत नाही. मी आयुष्यात जेवढे खेळाडू पाहिले त्यांत पानं सोडण्याची कला त्यांच्याइतकी कुणाला आलेली पाहिली नाही. पोकर शिकल्यावर कळलं की तिथेही सगळ्यात आधी हीच कला लागते.

पोकर मात्र फार उशिरा आलं, आणि ते माझ्या भाच्याबरोबर आलं. तो बदलापूरला कात्रपमध्ये राहतो, संगणकाचं काम करतो. कॉलेजात असल्यापासून फोनवर पोकर खेळायचा, पैसे लावून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पैसे लावून खेळायचे फोनवरचे सगळे खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यानंतरच्या एका शनिवारी भाचा माझ्याकडे आला. शिवमंदिराच्या रस्त्याला आमचं घर आहे, तळमजल्याला. आम्ही चार निवृत्त माणसं पत्ते मांडून बसलो होतो. तो म्हणाला, "मामा, मी तुम्हाला पोकर शिकवतो." एका तासात आम्ही नियम शिकलो आणि पुढच्या दोन तासांत त्याच्या सगळ्या काड्या संपल्या.

काड्या म्हणजे आगपेटीच्या. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता, त्यामुळे आमच्या लहानपणापासून पैजेचं नाणं तेच. हे नाणं मी का धरून ठेवलं ते पुढे सांगतो.

भाच्याचा हिशेब चोख होता, तरी तो हरला. आमच्यातले एक काका एकदा डावात शिरले की बाहेर पडत नाहीत. समोरचा कितीही काड्या टाको, काका तेवढ्याच भरतात आणि शेवटी पानं बघतात. भाच्याने त्यांच्यावर तीनदा मोठा ब्लफ केला. तिन्ही वेळा काकांनी साध्या पंजांच्या नाहीतर छक्क्यांच्या जोडीवर कॉल केला आणि डाव घेतला. भाचा चिडून म्हणाला, "त्यांनी कॉल करायलाच नको होता. गणिताने ती चूक आहे."

मी म्हटलं, "आहेच चूक. पण संध्याकाळभर ते तीच चूक करत होते, ते तू बघत होतास ना?"

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून एक दोनशे पानी वही सुरू केली. डाव्या पानावर त्याचं गणित, उजव्या पानावर माझी माणसं. हे पुस्तक त्या वहीतून निघालं आहे.

ज्यांना पोकर ठाऊक नाही पण तीन पत्ती ठाऊक आहे, अशांसाठी थोडं मांडतो. आमच्या बाजूच्या घरांत दिवाळीला तीन पत्ती मांडत नाहीत अशी घरं कमी. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यात ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत यांपैकी काहीच नसतं. म्हणजे चार डावांतल्या तीन डावांत समोरच्याकडे नुसतं मोठं पान असतं. सगळे हात उतरत्या क्रमाने ओळीने मांडले तर बरोबर मधला हात कुठला निघतो? राजा मोठा, बाकी काही नाही. हे मी पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मला माझी वीस वर्षांची दिवाळी नव्याने दिसली. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपण म्हणतो ते खरंच, पण बहुतेक मुठींत राजाच्या वर काही नसतं. ब्लाइंड खेळणाऱ्याला पानं बघून खेळणाऱ्याच्या निम्म्याच पैशांत चाल करता येते, आणि समोरचे त्याच्या न बघण्यालाच घाबरतात. हा सगळा खेळ त्या भीतीवर चालतो.

पोकरचे प्रकार बरेच आहेत, या पुस्तकातलं पोकर म्हणजे टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकली पानं, आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी: आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक टप्प्यावर बोली. दोन पानांचे हात १,३२६. हातातच जोडी येण्याची शक्यता सतरा डावांत एकदा, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. आणि ज्याच्यावर या खेळातली सगळी चढाई उभी आहे तो आकडा असा: जोडी नसलेली दोन पानं घेऊन बसलेल्याला मधल्या पहिल्या तीन पानांत जोडी लागते ती साधारण तीनांत एकदाच. म्हणजे दोघंच उरले असतील तर बरेचदा दोघांकडेही काही नसतं, आणि जो आधी काड्या टाकतो तो डाव उचलतो. इथेच शैलींना जागा मिळते. पानं सगळ्यांची सारखीच दुबळी असतात. दुबळ्या पानांचं कोण काय करतो, त्यात माणसं वेगळी होतात.

वहीत आम्ही प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आधी दोनच गोष्टी मोजायचो. दहा डावांतले किती डाव तो खेळायला घेतो, आणि घेतल्यावर स्वतः वाढवतो की दुसऱ्याने वाढवलेलं भरतो. जगभरच्या पोकरच्या पुस्तकांत खेळाडूंची विभागणी याच दोन प्रश्नांवर केलेली असते, सैल की घट्ट, आणि थंड की चढाईचा. पण नावं आम्ही आमची ठेवली.

पहिला बघ्या. म्हणजे आमचे काका. दहातले सहा-सात डाव घेतो, वाढवत कधी नाही, भरतो नेहमी. त्याला शेवटची पानं बघायची असतात. त्याच्यापुढे ब्लफ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मधल्या १०० काड्यांसाठी तुम्ही ५० टाकून ब्लफ करता, तेव्हा तो तीनांत एकदा तरी यशस्वी व्हायला हवा, नाहीतर तोटा. बघ्या तीनांत एकदा काय, दहांत एकदाही पानं टाकत नाही. त्याच्यावरचा उपाय इतका साधा आहे की हुशार मुलांना तो पचत नाही. ब्लफ पूर्ण बंद करायचा, आणि आपल्याकडे मध्यम बरी जोडी असली तरी काड्या टाकत राहायच्या, नेहमीपेक्षा जास्त टाकायच्या. तो भरतो. भाच्याला हे स्वीकारायला तीन शनिवार लागले, कारण त्याला काकांना हरवण्यापेक्षा काकांना चूक पटवण्याची घाई होती.

दुसरा चिकट. दहातले एक-दोन डाव घेतो. त्याचे बाकीचे आठ डाव मोकळे पडलेले असतात, ते छोट्या छोट्या रेजने उचलत राहायचे. आणि तो ज्या क्षणी स्वतः वाढवतो त्या क्षणी, आपल्याकडे राजांची जोडी असली तरी, थांबून विचार करायचा. चिकट माणसाला हरवणारे बहुतेक जण महिनाभर थेंब थेंब गोळा करतात आणि एका डावात सगळं परत देतात, कारण त्याने वाढवल्यावरही त्यांना आपली पानं सोडवत नाहीत.

तिसरा रेटणारा. हा प्रत्येक डावात असतो आणि प्रत्येक फेरीला वाढवतो. त्याच्यामुळे टेबल गरम होतं, लोक चिडतात, आणि चिडून त्याच्याशी नको त्या पानांवर भिडतात. तो त्यावरच जगतो. त्याच्यापुढे कुठे बसता याला फार महत्त्व आहे. पोकरमध्ये बोली घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, म्हणून रेटणारा आपल्या उजव्या हाताला असावा. तो आधी बोलतो, आपण ऐकून ठरवतो. मग चांगली पानं आली की आपण वाढवायचंच नाही, त्याला रेटू द्यायचं. तो आपल्या काड्या आपल्या हाताने आणून देतो. पण या उपायाची किंमत आहे, आणि ती बहुतेक पुस्तकं पुरेशी सांगत नाहीत. रेटणाऱ्याला शेवटपर्यंत भरत राहायचं म्हटलं की आपलाही चढउतार वाढतो. कधी त्याच्याकडे खरंच एक्के असतात. ज्याला एका संध्याकाळी सगळ्या काड्या गमावून शांतपणे चहा पिता येत नाही, त्याने रेटणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

चौथा मोजका. थोडे डाव घेतो, पण घेतो तेव्हा स्वतः वाढवतो. साईं पोकर खेळले असते तर ते इथे बसले असते. त्याच्यावर स्वस्त उपाय नाही. एवढंच की त्यालाही मधली तीन पानं तीनांत एकदाच लागतात, आणि तरीही तो पहिली पैज जवळजवळ दर वेळी टाकतो. तिथे कधीतरी उलट वाढवून बघता येतं. कधीतरीच. एरवी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं आणि टेबलावरच्या इतरांकडे लक्ष द्यावं. हे शहाणपण मला पुस्तकातून आलं नाही, साईंसमोर कितीतरी डाव गमावून आलं.

चेहऱ्याबद्दल इथे फारसं नाही, त्याचं कारण सांगायला हवं. अमेरिकेतल्या माइक कॅरो यांनी १९८४ मध्ये खेळाडूंच्या हावभावांवर एक अख्खं पुस्तक केलं. त्याचा गाभा असा की पानं दुबळी असली की माणूस जोर दाखवतो, आणि जोरदार असली की निरुत्साह. डब्यात आम्हीही हे पाहिलं होतं. एरवी पत्त्यांवरून नजर न हटवणारा माणूस अचानक मुंब्र्याच्या डोंगराकडे बघायला लागला, की त्याच्याकडे काहीतरी जमलेलं असायचं. पण चेहऱ्याचं वाचन दहा वेळा जुळतं आणि अकराव्या वेळी बुडवतं, कारण आपल्याला जे हवं असतं तेच आपण चेहऱ्यात बघतो. शेवटी उघडी पडलेली पानं मात्र खोटं बोलत नाहीत. डाव संपल्यावर कोणी काय दाखवलं आणि त्या पानांवर तो आधी काय काय करत आला होता, हे जोडून लिहा. वहीतले सगळ्यात मोलाचे रकाने तेच आहेत.

महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट येते. द्यूतात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी होतो. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेने सांगतो, नळ रथ थांबवून मोजतो, आकडा जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात नळ ते शास्त्र शिकतो आणि परत जाऊन पुष्कराला हरवतो. ही गोष्ट मला लहानपणी कळली नव्हती. हरलेला माणूस मोजायला शिकतो, एवढीच ती आहे, आणि तो शिकतो ते दुसऱ्याची विद्या मान्य करून, आपली त्याला देऊन. भाच्याने मला दिलेलं गणित असंच होतं. एका रंगाची चार पानं जमली आहेत, पाचवं हवं आहे. न दिसलेल्या ४७ पानांत त्या रंगाची ९. पुढच्या एका पानावर ते येण्याची शक्यता १९ टक्के, दोन पानं यायची असतील तर ३५. मध्ये १०० काड्या आहेत, समोरच्याने ५० टाकल्या, तर ५० भरून १५० जिंकायच्या आहेत, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवं. १९ टक्क्यांत ते बसत नाही. मी आयुष्यभर असे डाव भरत आलो होतो, कलर जवळ आलाय म्हणून.

गणिताच्या या रस्त्याने माणसं फार पुढे गेली आहेत. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ च्या निबंधात आणि मग १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबरच्या ग्रंथात ब्लफचं गणित मांडलं. ब्लफ मधल्या पानांवर करायचा नसतो, सगळ्यात वाईट पानांवर करायचा असतो, हे त्यातून निघतं. मधली पानं दाखवून जिंकू शकतात, वाईट पानं दुसऱ्या कुठल्याच मार्गाने जिंकत नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१५ मध्ये ठराविक रकमेच्या बोलीचं दोघांचं पोकर जवळजवळ पूर्ण सोडवलं. २०१९ मध्ये कार्नेगी मेलनच्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. विशेष असं की तो समोरच्यांच्या सवयींनुसार आपला खेळ बदलत नव्हता. त्याने आपलाच खेळ इतका तोललेला होता की धरायला टोक सापडू नये. भाचा त्याच रस्त्याचा भक्त. मी त्या विद्येला मान देतो, पण आमच्या टेबलावर तोललेला खेळ खेळणारा काकांकडून जेवढं मिळायला हवं तेवढं घेत नाही. काकांवर ब्लफ करायचा नाही हे त्याला काकांकडे बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि जो काकांकडे बघून ब्लफ बंद करतो, तो स्वतः तिसऱ्या कुणाला तरी वाचता येण्याजोगा होतो. प्रत्येक उपाय आपलंही एक दार उघडं टाकतो. या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण त्या दारापाशी जाऊन थांबतं.

कायद्याविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्रच्या सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. पोकरवर राज्याराज्यांत मतभेद. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या जुगारविरोधी कायद्यानेच पोकरला वगळलं आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, आणि १९७६ मध्ये केलेला पण कधीच अमलात न आलेला कॅसिनोचा कायदा २०२३ मध्ये रद्द झाला. तीन पत्तीबद्दल न्यायालयाने जे म्हटलं ते पानांपुरतं मला पटतं, माणसांपुरतं पूर्ण पटत नाही. मटक्यात मात्र वाद नाही. कराचीहून आलेल्या रतन खत्रींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आकड्यांवर आमच्या भागातल्या कितीतरी माणसांचे पगार गेले. तिथे समोर कुणी बसलेलंच नसतं. वाचायला माणूस नाही, तर शिकायला काही नाही.

आता काड्यांचं कारण.

आमच्या डब्यातली तीन पत्ती चहावरून पैशांवर गेली, आणि दिवाळी संपल्यावरही थांबली नाही. आमच्यात एक जण होता, वयाने माझ्याहून लहान, एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. तो हरला की ब्लाइंड खेळायचा. जितका जास्त हरला तितका जास्त वेळ पानं न बघता चाल करत राहायचा, जणू पानं बघितली तर हरल्याचं खरं होईल. मला हे तिसऱ्या महिन्यात कळलं. त्या काळी मी एका छोट्या डायरीत टिपणं ठेवायचो, त्यात मी ते लिहूनही ठेवलं. मग मी तो हरायची वाट बघायचो, आणि हरला की चांगली पानं घेऊन त्याच्यासमोर बसून राहायचो. सात-आठ महिने मी त्याच्याकडून जिंकत होतो. त्याला एकदाही म्हटलं नाही की बाबा रे, तू हरल्यावर असं करतोस. जूनमध्ये मुलाच्या शाळेच्या फीसाठी तो माझ्याकडे उसने पैसे मागायला आला. मी दिले. ते त्याचेच होते.

पुढे तो आमच्या डब्यात यायचा बंद झाला. काही वर्षांनी कल्याणच्या पुलावर एकदा दिसला, हसला, गर्दीतून पुढे गेला. त्याने मला दोष दिला नाही, तेच मला जास्त लागलं. माणूस वाचता येणं ही विद्या आहे याचा मला अभिमान होता. ती कुणाविरुद्ध वापरायची आणि कुठे थांबायची, हे त्या विद्येत लिहिलेलं नव्हतं. म्हणून या पुस्तकातले सगळे डाव काड्यांवर आहेत. संध्याकाळ संपली की काड्या पेटीत परत जातात, आणि कोण कसा खेळतो ते आम्ही एकमेकांना तोंडावर सांगतो. आमच्या काकांना ते बघ्या आहेत हे ठाऊक आहे. तरी ते कॉल करतात. तो त्यांचा आनंद आहे, आणि त्याची किंमत सकाळी गॅस पेटवायला पुरेल एवढीच.

पुस्तक वाचायची एक पद्धत सुचवतो. पहिले तीन शनिवार खेळू नका. ओळखीच्या एखाद्या टेबलावर परवानगी घेऊन एका खेळाडूच्या बाजूला बसा, आणि चार रकाने भरा: डाव घेतला की सोडला, वाढवलं की भरलं, शेवटी काय दाखवलं, आणि मोठा डाव हरल्यानंतरच्या पुढच्या पाच डावांत काय बदललं. चौथा रकाना भरायला सगळ्यात अवघड जातो, आणि माणूस खरा त्यातच दिसतो. मग चौथ्या शनिवारी तेच रकाने कुणालातरी तुमच्यासाठी भरायला सांगा.

माझ्यासाठी ते भाच्याने भरले. मला न सांगता, चार महिने. छापायला देताना वही चाळत होतो तेव्हा माझं पान सापडलं. दहातले तीन डाव घेतात. वाढवतात. काकांवर ब्लफ करत नाहीत. इथवर मला माहीत होतं. खाली त्याने लिहिलं होतं: समोरचा खूप हरलेला असला की मामा चांगली पानंही टाकून देतात. आजवर सहा वेळा पाहिलं, एकदा तर गुलामांची जोडी होती. त्याला त्या कारखान्यातल्या माणसाची गोष्ट ठाऊक नव्हती, मी ती त्याला नंतर सांगितली. ते पान शेवटच्या प्रकरणात जसंच्या तसं छापलं आहे. प्रत्येक खेळाडूच्या पानावर तळाशी तो उपायाचा एक रकाना आखतो. माझ्या पानावर तो त्याने कोरा ठेवला आहे.